इंग्रजी लिहिताना होणारा ‘ध’चा ‘मा’ : सारखे वाटणारे शब्द वेगळे कसे ओळखावेत?

जिज्ञासू (प्रश्न)

नमस्कार. कामानिमित्त मला रोज इंग्रजीत पत्रे आणि अहवाल लिहावे लागतात. वाक्यरचनेत फारशी अडचण येत नाही, परंतु काही शब्दजोड्या समोर आल्या की दर वेळी हात थबकतो. ‘अफेक्ट’ लिहायचे की ‘इफेक्ट’, ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘पी-ए-एल’ येते की ‘पी-एल-ई’, ‘लूज’मध्ये ‘ओ’ एक की दोन, हे ऐन वेळी आठवत नाही. गेल्या आठवड्यात एका पत्राच्या शेवटी ‘कृपया सल्ला द्यावा’ या अर्थाने मी ‘प्लीज ॲडव्हाइस’ असे लिहिले आणि त्यातला ‘सी’ खोडून वर ‘एस’ केलेली प्रत माझ्याकडे परत आली. संगणकाने त्या शब्दाखाली लाल रेघसुद्धा ओढली नव्हती.

अशा जोड्यांच्या याद्या मी पाठ करून पाहिल्या आहेत. अडचण अशी की, दोन दिवसांनी जोडी आठवते, दोन्ही अर्थही आठवतात, पण कोणता अर्थ कोणत्या शब्दाचा हेच नेमके उलटते. पाठांतराशिवाय काही रीत आहे का? आणि संगणकाला ही चूक का दिसत नाही?

मुद्रितशोधक

याद्या उपयोगी पडत नाहीत, कारण त्या सगळ्या चुकांना एकाच माळेत ओवतात. गेली अनेक वर्षे इंग्रजी मजकूर तपासताना माझे असे मत झाले आहे की, आधी चूक कुठून आली ते पाहावे. काही चुका कानाच्या असतात, काही निव्वळ स्पेलिंगच्या असतात आणि काही आपल्या मातृभाषेतून सावलीसारख्या मागोमाग येतात. प्रत्येकीवरचा उतारा निराळा आहे.

तुमचे ‘ॲडव्हाइस’ ही कानाची चूक आहे. सल्ला या अर्थाचे नाम ‘सी’ने लिहितात आणि त्याचा शेवट ‘रस’मधल्या ‘स’सारखा होतो, सल्ला देणे हे क्रियापद ‘एस’ने लिहितात आणि त्याचा शेवट ‘झ’कडे झुकतो. ‘डिव्हाइस’ म्हणजे साधन आणि ‘डिव्हाइझ’ म्हणजे योजना आखणे, ही जोडीही त्याच साच्यातली. तेव्हा लिहिण्यापूर्वी शब्द नीट उच्चारून पाहावा. ‘स’ ऐकू आला तर ‘सी’, ‘झ’ ऐकू आला तर ‘एस’. हाच साचा पुढे ‘प्रॅक्टिस’ला लावता येतो, जरी तिथे उच्चारात काहीच फरक नसला तरी. ब्रिटिश पद्धतीत सराव हे नाम ‘सी’ने आणि सराव करणे हे क्रियापद ‘एस’ने लिहितात. ‘लायसन्स’चेही तसेच: परवाना ‘सी’ने, परवाना देणे ‘एस’ने. अमेरिकी पद्धतीने मात्र हा भेद ठेवलेला नाही. तिथे ‘प्रॅक्टिस’ नेहमी ‘सी’ने आणि ‘लायसन्स’ नेहमी ‘एस’ने लिहिले जाते. म्हणजे आपण कोणत्या पद्धतीने लिहितो आहोत हे आधी ठरवावे लागते, आणि ठरवल्यावर एकाच मजकुरात दोन्हींची सरमिसळ करू नये. जाता जाता आणखी एक: सल्ला या अर्थाच्या नामाला इंग्रजीत अनेकवचन नाही. तीन सल्ले द्यायचे असले तरी ‘ॲडव्हायसेस’ लिहिता येत नाही.

‘लूज’ची गोष्ट जास्त मनोरंजक आहे, कारण तिथे आपली मराठी बोलण्याची सवयच आपल्याला फसवते. ‘सदरा लूज झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा शेवटचा ‘ज’ आपण ‘लाज’मधल्या ‘ज’सारखा उच्चारतो. सैल या अर्थाचा इंग्रजी शब्द मात्र ‘लूस’ असा, ‘स’ने संपणारा आहे आणि त्यात दोन ‘ओ’ आहेत. आपण जो उच्चार करतो तो जवळजवळ दुसऱ्याच शब्दाचा, म्हणजे गमावणे किंवा हरणे या अर्थाच्या एका ‘ओ’च्या शब्दाचा असतो. बोलताना दोन्ही शब्द आपण एकाच ‘लूज’मध्ये कोंबले, त्यामुळे लिहिताना कान साक्ष देईनासा होतो. सैल वस्तूसाठी जाणीवपूर्वक ‘लूस’ म्हणायची सवय लावून पाहा. स्पेलिंग मुद्दाम पाठ करावे लागणार नाही.

आता ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. पहिले बहुतेक वेळा क्रियापद असते आणि दुसरे बहुतेक वेळा नाम, हे तुम्ही वाचले असेलच. तरीही गोंधळ होतो, कारण मराठीत आपण या अर्थासाठी नाम आणि क्रियापद एकत्र वापरतो: ‘आरोग्यावर परिणाम होतो’. यातला ‘वर’ आपण इंग्रजीत ‘ऑन’ म्हणून नेतो आणि मग ‘इट अफेक्ट्स ऑन हेल्थ’ असे वाक्य तयार होते, जे चूक आहे. ‘अफेक्ट’ला ‘ऑन’ लागत नाही. ते थेट कर्मावर येते, ‘इट अफेक्ट्स हेल्थ’. ‘ऑन’ हवे असेल तर नामच हवे, ‘इट हॅज ॲन इफेक्ट ऑन हेल्थ’. मी मजकूर तपासताना हीच खूण पाहतो: क्रियापदाच्या जागी ‘अफेक्ट’ असून पुढे ‘ऑन’ दिसले, तर वाक्यात काहीतरी चुकले आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘करणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून आले असल्यामुळे त्यांचे चेहरे इतके सारखे आहेत. अपवाद दोन आहेत. एखादा बदल प्रत्यक्ष घडवून आणणे या अर्थी ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून येते, आणि मानसशास्त्रात भावनेच्या बाह्य आविष्काराला ‘अफेक्ट’ हे नाम वापरतात, ज्यात आघात पहिल्या अक्षरावर असतो. कार्यालयीन पत्रात दुसऱ्या अपवादाची गाठ पडण्याचा संभव कमीच.

निव्वळ स्पेलिंगच्या जोड्यांत कान काहीच मदत करत नाही, कारण उच्चार एकच असतो. तिथे अर्थाची कसोटी शोधावी. ‘प्रिन्सिपल’साठी मी मराठीतला ‘मुख्य’ हा शब्द वापरतो. मुख्य कारण, महाविद्यालयाचा मुख्य, कर्जातली मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल. जिथे ‘मुख्य’ बसते तिथे शेवटी ‘ए-एल’. जिथे ‘तत्त्व’ बसते तिथे ‘एल-ई’, आणि नियम या अर्थाच्या ‘रूल’चा शेवटही ‘एल-ई’नेच होतो. ‘कॉम्प्लिमेंट’मध्ये पूर्ण करण्याचा अर्थ असेल तर मधले अक्षर ‘ई’, कारण ‘कम्प्लीट’मध्येही त्या जागी ‘ई’ आहे. प्रशंसा असेल तर ‘आय’. मुळात दोन्ही शब्द ‘भरून पूर्ण करणे’ या एकाच लॅटिन धातूचे. प्रशंसेचा शब्द स्पॅनिश-इटालियन वळणाने, शिष्टाचार पुरा करणे या अर्थाने, फिरून आला आणि वाटेत ‘आय’ घेऊन आला. मोफत दिलेल्या प्रवेशिकेला जे विशेषण लावतात तेही ‘आय’चेच, कारण ती सौजन्याची भेट असते.

‘स्टेशनरी’चीही अशीच गंमत आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. ज्याचे बसण्याचे ठिकाण स्थिर असे त्या ग्रंथविक्रेत्याला ‘स्थिर’ या अर्थाच्या शब्दावरून नाव मिळाले आणि त्याच्याकडच्या लेखनसामग्रीला त्याच्यावरून. म्हणजे स्थिर आणि लेखनसामग्री हे दोन्ही अर्थ एकाच मुळाचे आहेत. आज मात्र स्थिर असेल तर ‘ए-आर-वाय’ आणि कागद-पाकिटे असतील तर ‘ई-आर-वाय’. ‘पेपर’चा शेवट ‘ई-आर’ने होतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

भाषांतरकार

मुद्रितशोधक यांनी तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख केला, पण तो तसाच सोडला. माझ्या अनुभवात आपल्यासारख्यांच्या सर्वांत जास्त चुका तिथेच होतात, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांनी तयार केलेल्या याद्यांमध्ये त्या सापडत नाहीत, कारण त्यांना त्या चुका होतच नाहीत.

मराठीतला ‘पर्यंत’ घ्या. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘बाय’ लागते, कारण काम त्या मुदतीच्या आत एकदाच व्हायचे आहे. दुसऱ्यात ‘अंटिल’, कारण थांबण्याची क्रिया त्या दिवसापर्यंत सलग चालायची आहे. ‘सबमिट द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला शुक्रवारपर्यंत अहवाल पुन्हा पुन्हा सादर करत राहा असे काहीतरी विचित्र वाटेल. ‘पासून’चेही तेच. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ यांत आपल्याला फरक जाणवत नाही, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ लिहिले जाते. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. सोमवार हा क्षण आहे आणि दोन वर्षे ही लांबी आहे.

‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ यांत आपण क्रियापद बदलतो, पण ‘उसने’ तेच राहते. इंग्रजीत व्यवहाराच्या दोन टोकांना दोन वेगळे शब्द आहेत. घेणारा ‘बॉरो’ करतो आणि देणारा ‘लेंड’ करतो. ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ हे वाक्य म्हणूनच उलटे पडते. ‘सावली’चेही दोन शब्द होतात: उन्हापासून आसरा देते ती ‘शेड’, आणि आपल्या आकाराची जमिनीवर पडते ती ‘शॅडो’. झाडाखाली बसणारा माणूस ‘शेड’मध्ये बसतो. ‘ऐकणे’ हे कानावर पडणे असेल तर ‘हिअर’ आणि लक्ष देऊन ऐकणे असेल तर ‘लिसन’, आणि ‘लिसन’नंतर ‘टू’ विसरू नये.

परंतु मराठी नेहमी अडचणच करते असे नाही. ‘लाय’ आणि ‘ले’ या कुख्यात जोडीत इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास चुकतात. आपल्याला मात्र ती सोपी वाटायला हवी, कारण पडणे आणि पाडणे, बसणे आणि बसवणे, उठणे आणि उठवणे हा भेद आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे. ‘राइझ’ म्हणजे स्वतः वर येणे, ‘रेझ’ म्हणजे दुसरे काही वर उचलणे. ‘लाय’ म्हणजे पडून राहणे, ‘ले’ म्हणजे काहीतरी ठेवणे किंवा पसरणे. एक अकर्मक, दुसरे सकर्मक. इंग्रजीच्या जुन्या जर्मानिक रूपात अशा प्रयोजक जोड्या बऱ्याच होत्या, त्यांपैकी मोजक्या आज उरल्या आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड तोडून पाडणे या अर्थी ‘फेल’, ही जोडी तर आपल्या पडणे-पाडण्याची सख्खी बहीण शोभावी.

खरा खड्डा पुढे आहे. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असाच होतो. काल मी दुपारभर पडून होतो, हे ‘आय ले डाउन’ असे लिहायचे, आणि ते चूक नाही. ठेवण्याच्या ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’ होतो आणि तो ‘एल-ए-आय-डी’ असा लिहितात. पडून राहण्याचे तिसरे रूप ‘लेन’, ठेवण्याचे तिसरे रूप पुन्हा ‘लेड’. खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ निराळा आणि बिचारा सरळ आहे; त्याचा भूतकाळ ‘लाइड’. ही रूपे मात्र पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही.

साशंक

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, परंतु एक सावधगिरी सुचवतो. गोंधळाच्या शब्दांच्या याद्यांमध्ये खरे भेद आणि संकेताने लादलेले भेद शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि शिकणारा दोन्हींना सारखेच घाबरतो. ‘लूस’च्या जागी ‘लूझ’ लिहिले तर अर्थ बिघडतो. त्याबद्दल वाद नाही. पण ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’चे पाहा. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, असा नियम सांगितला जातो. त्याचा उगम साधारणपणे १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी लिहिलेल्या एका टिपणापर्यंत मागे नेता येतो, आणि तिथे त्यांनी तो नियम म्हणून नव्हे, तर स्वतःची आवड म्हणून मांडला होता. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’ वापरल्याचे दाखले मात्र नवव्या शतकापासून सापडतात. अंतर, काळ आणि पैसा यांच्या बाबतीत तर आजही ‘लेस दॅन टेन माइल्स’ हेच स्वाभाविक आहे, जरी मैल मोजता येत असले तरी, कारण तिथे मैल सुटे सुटे नसून एक सलग अंतर मनात असते.

‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःस्वार्थ किंवा तटस्थ आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, हा भेदही असाच. सतराव्या शतकात हे दोन शब्द नेमके उलट अर्थांनी वापरले जात होते. आज औपचारिक लेखनात भेद पाळणे शहाणपणाचे आहे, कारण न्यायाधीश तटस्थ असावा अशी आपली अपेक्षा असते, त्याला खटल्यात रस नसावा अशी नसते. पण एखाद्याने तो पाळला नाही म्हणून त्याला इंग्रजी येत नाही असे ठरवू नये.

मुद्रितशोधक

साशंक यांचा इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मी अर्धाच स्वीकारतो. कार्यालयीन पत्र वाचणाऱ्याला नवव्या शतकाशी कर्तव्य नसते. ज्याच्या हातात पत्र पडणार आहे तो ‘लेस मिस्टेक्स’ वाचून थबकणार असेल, तर ‘फ्यूअर मिस्टेक्स’ लिहिण्यात आपले काहीच जात नाही.

जिज्ञासू

सर्वांचे मनापासून आभार. ‘लूस’ची युक्ती कालच वापरून पाहिली आणि ‘मुख्य’ची कसोटीही लागू पडली. दोन गोष्टी राहिल्या. ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी द्यायची, आणि संगणकाला या चुका का दिसत नाहीत?

मुद्रितशोधक

‘इट्स’ फोडून ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे वाचून पाहावे. वाक्य नीट लागले तर अपॉस्ट्रॉफी द्यावी. नाही तर देऊ नये. गोंधळ होतो तो यामुळे की, नामांना षष्ठीसाठी आपण अपॉस्ट्रॉफी देतो. सर्वनामांची रीत वेगळी आहे: ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांपैकी कशातच अपॉस्ट्रॉफी नाही आणि मालकीचा ‘इट्स’ याच पंगतीत बसतो. तुम्हाला दिलासा म्हणून सांगतो, सतराव्या आणि अठराव्या शतकांत छापलेल्या इंग्रजी पुस्तकांत मालकीच्या ‘इट्स’मध्येही अपॉस्ट्रॉफी आढळते. ‘युअर’ आणि ‘देअर’ यांच्या जोड्यांनाही हीच फोडून वाचण्याची कसोटी लावावी.

संगणकाचे म्हणाल तर साधा शुद्धलेखन तपासनीस एवढेच पाहतो की लिहिलेला शब्द त्याच्या कोशात आहे की नाही. ‘दिन’च्या जागी ‘दीन’ लिहिले, तर दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे निव्वळ कोश पाहणाऱ्याला खटकण्यासारखे काहीच नसते. तसेच ‘ॲडव्हाइस’चे झाले. व्याकरण तपासणारी नवी साधने शेजारचे शब्दही पाहतात, म्हणून ‘देअर’सारख्या चुका ती बऱ्याचदा पकडतात. पण ‘प्रिन्सिपल’च्या दोन्ही रूपांनी व्याकरणशुद्ध वाक्य होत असेल, तर अर्थ तुमच्या मनात कोणता होता हे त्यांनी कसे ओळखावे?

मी एक साधी पद्धत वापरतो. प्रत्येकाच्या हमखास चुकणाऱ्या जोड्या फार नसतात. माझ्या स्वतःच्या नऊ आहेत. त्यांची चिठ्ठी टेबलावर असते आणि मजकूर पुरा झाला की संगणकाच्या शोध सुविधेने त्यातला एकेक शब्द शोधून, तो जिथे जिथे सापडेल तिथे थांबून वाक्य वाचतो. मोठ्याने वाचण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ‘लूस’ आणि ‘ॲडव्हाइस’साठी तो चांगला आहे, पण ‘स्टेशनरी’ हजार वेळा मोठ्याने वाचली तरी त्यातली चूक ऐकू येणार नाही.

जिज्ञासू

आपण सांगितल्याप्रमाणे गेल्या महिन्याच्या अहवालात ‘इट्स’ शोधून पाहिला. अकरा ठिकाणी सापडला, त्यांपैकी चार ठिकाणी अपॉस्ट्रॉफी चुकीची होती, आणि चौथी चूक शीर्षकातच होती. तो अहवाल आधीच रवाना झालेला आहे. चिठ्ठीवर पहिला शब्द आता तोच लिहिला आहे, त्याखाली ‘पर्यंत’.

भाषांतरकार

शीर्षकासाठी एक छोटी सूचना. शोध घेताना मोठ्या लिपीतले शब्दही सापडतील अशी सोय सुरू आहे ना, ते पाहून घ्यावे. लहान-मोठी अक्षरे वेगळी मानण्याचा पर्याय सुरू राहिला, तर संपूर्ण मोठ्या अक्षरांत छापलेले शीर्षक शोधातून निसटते.